जोडीतली दुसरी बंदूक

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला मला थांबावं लागतं. एका प्रकरणात मात्र तसं होत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रातही चार ओळींपलीकडे काही आलं नाही. तरी त्यातला प्रत्येक माणूस, त्याचा चेहरा आणि तो कुठे बसला होता, हे सगळं डोळ्यांसमोर आहे. कुणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नावांशिवायही ते सांगता येतं.

माझी निवृत्ती जवळ आली होती. इंदूर शहराच्या दक्षिण टोकाला एका थान्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडे पोलीस ठाण्याला थाना म्हणतात आणि ठाणेदाराला टीआय. आमच्या हद्दीचा अर्धा भाग वसाहतींचा आणि अर्धा शेतांचा. शेतं संपली की घाट आणि जंगल सुरू होतं.

देवउठनी एकादशीचा, म्हणजे आपल्या कार्तिकीचा, दुसरा दिवस होता. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा बघत होतो. आदल्या संध्याकाळची एक नोंद त्यात होती. हातात फटाका फुटून जखमी झालेल्या एका गृहस्थाला खासगी रुग्णालयात दाखल केलं आहे, असा निरोप आला होता. एकादशीला इंदुरात दिवाळीसारखेच फटाके उडतात, त्यामुळे थान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मुन्शीने नोंद करून पान उलटलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. तेवढ्यात त्याच रुग्णालयातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "सुतळी बॉम्बमध्ये लोखंड असतं का हो?"

मी गेलो. एका वाटीत त्यांनी तुकडा ठेवला होता, जखमीच्या गालाच्या हाडाखालून काढलेला. अंगठ्याच्या नखाएवढा, किंचित वळलेला, आतल्या बाजूने गुळगुळीत. कुठल्या तरी नळीचा तो तुकडा होता हे उघड होतं. जखमी गुंगीत होता. उजवा डोळा वाचणार नाही, असं त्या म्हणाल्या. हाताची दोन बोटं गेली होती. मी विचारलं, कुठल्या हाताची? डाव्या हाताची.

उजव्या हाताने काम करणारा माणूस फटाका उजव्या हाताने पेटवतो आणि उजव्यानेच फेकतो. डावा हात आणि उजवा डोळा एकाच वेळी एकाच गोष्टीपाशी कधी येतात, हे वेगळं सांगायला नको. माणूस बंदूक खांद्याला लावतो तेव्हा डावा हात नळीखाली असतो आणि उजवा डोळा नळीवर.

त्याला रुग्णालयात घेऊन आलेला मित्र बाहेर बाकावर बसला होता. फर्निचरचं दुकान चालवणारा, चांगल्या घरचा माणूस. त्याने सगळी हकीकत क्रमवार सांगितली: शेतावर पूजा, मग जेवण, मग फटाके, मग स्फोट. कुठेही अडखळला नाही. माझा अनुभव असा की ज्याच्यावर खरोखर प्रसंग गुदरलेला असतो, तो सांगताना मागे-पुढे होतो. मध्येच "नाही, त्याच्या आधी" असं म्हणून परत जातो. सरळ रेषेत सांगणाऱ्याने ती रेष आधी आखलेली असते. मी म्हटलं, चला, जागा दाखवा.

शेतावर फटाक्याच्या कागदाचा एक कपटा नव्हता. पंपघराच्या मागे लाकडाच्या ताज्या ढलप्या पडल्या होत्या. हवालदाराने पाण्याच्या रिकाम्या हौदात वाकून बघितलं आणि पोत्यात गुंडाळलेली बंदूक वर काढली. मित्र बांधावर बसला, आणि नंतर जे सांगितलं ते मागे-पुढे होत सांगितलं. दोघे ससा आणि रानडुकराच्या मागावर जात असत. आतापर्यंत दुसऱ्या कुणाची तरी बंदूक मागून न्यायचे. या वेळी जखमीने स्वतःसाठी एक जुनी बंदूक विकत घेतली होती. परवाना अर्थातच नव्हता. ती पहिल्यांदाच चालवली आणि ती फुटली.

ती ठासणीची बंदूक होती. हिला मागून काडतूस घालता येत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, मग परत बोळा, आणि प्रत्येक थर लोखंडी गजाने ठासायचा. मागे घोड्याखाली एक छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी पश्चिमेकडच्या आदिवासी जिल्ह्यात काढली होती. तिथे अशा बंदुका दर महिन्याला जप्त होत. त्यामुळे मला तिची थोडीफार ओळख होती.

या बंदुकीची नळी वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी उकलली होती, पण अगदी मागून नव्हे. मागच्या टोकापासून वीतभर पुढे. मी मित्राला विचारलं, दारू किती वेळा भरली? तो म्हणाला, "एकदाच, साहेब. मी समोर होतो. मापाने भरली."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. आणि त्याने एकदाच भरली असेल, तर मग उरलेली गोष्ट एकच होती. ती विकत घेतली तेव्हाच आत एक जुना भार ठासलेला होता. त्याच्यावर यांनी नवा भरला. ठिणगी तळाच्या जुन्या दारूला लागली, वरचा नवा भार बुचासारखा आडवा आला आणि नळीने वाट मिळेल तिथे वाट काढली.

वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला, शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मित्राला विक्रेता माहीत नव्हता. जखमी बोलण्याच्या स्थितीत नव्हता. त्याच्या मोबाईलमध्ये जुन्या बंदुका कशा पारखाव्यात याचे व्हिडिओ पुष्कळ होते, विकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

खबर आली ती अनपेक्षित जागेवरून. गुरुवारी सकाळी जखमीची बायको थान्यात आली. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. बरोबर कुणी नव्हतं. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मी सांगितलं तर त्यांच्यावर केस होणार ना?"

मी म्हटलं, केस झालेली आहे. तुम्ही सांगितलं नाही तरी ती चालेल.

"मग ठीक आहे. सीधं सांगते. मी स्कूटरवर बरोबर होते त्या दिवशी. जुनी इंदूर मोहल्ल्यात कल्हईवाल्याच्या गल्लीत मला कोपऱ्यावर उभं केलं आणि हे आत गेले. आले ते चादरीत काहीतरी लंबं गुंडाळून. म्हणाले, शोपीस आहे, हॉलमध्ये लावू. घरी आल्यावर मी म्हटलं, अहो, भरलेली तर नाही ना? तर हसले. म्हणाले, दुकानदाराने सांगितलंय, बिल्कुल खाली आहे. आणि माझ्याकडे नळी करून घोडा ओढून दाखवला. खट वाजलं फक्त."

त्यांनी हे विक्रेत्याचा खोटेपणा दाखवण्यासाठी सांगितलं होतं. सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. गणिताच्या बाई होत्या. पुढची पायरी मला मांडावी लागली नाही.

"म्हणजे तेव्हाही ती भरलेलीच होती?"

"हो. टोपी बसवलेली नव्हती, म्हणून फक्त खट वाजलं."

त्या उठून समोरच्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. मग दुकानाचा पत्ता नीट समजावून सांगितला, जबाबावर सही केली आणि शाळेची वेळ झाली म्हणून गेल्या. नवरा रुग्णालयात, वर पोलीस केस, आणि बाई शाळेत. काही लोकांना अशा वेळी नेहमीचं कामच धरून ठेवतं, हे मी पुष्कळदा बघितलं आहे.

तिथल्या थान्याला कळवून आम्ही दुकानावर गेलो. जुन्या वस्तूंचं दुकान होतं. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनचे भोंगे, संस्थानी काळातल्या खुर्च्या. दुकानदार साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, चष्म्याला दोरा बांधलेला. गल्लीत सगळे त्याला मामा म्हणत. झडतीत हत्यार सापडलं नाही. जखमीशी फोनवर बोलणं झाल्याचं त्याने मान्य केलं, पण ते एका घड्याळाबद्दल होतं म्हणाला. "बंदूक-वंदूक अपना काम नहीं साब. अपन पीतल वाले हैं."

त्याला थान्यात आणलं. आमच्या एका उपनिरीक्षकाचं म्हणणं पडलं की तासभर त्याला आपल्या ताब्यात द्यावं. मी नको म्हटलं. मारून माणूस बोलतो खरा, पण तुम्हाला काय ऐकायचं आहे याचा अंदाज घेऊन बोलतो. ते तपासाच्या कामाचं नसतं.

मी त्याला माझ्याच खोलीत बसवलं आणि चहा मागवला. दुपारपर्यंत तो एकाच उत्तरावर होता. मग मी बंदुकीचा विषय सोडून दिला आणि त्याच्या धंद्याचं विचारायला लागलो. जुना माल कुठून येतो, खरा-खोटा कसा ओळखायचा. त्यावर तो खुलला. घरं पाडून इमारती होताहेत, मुलं बाहेरगावी आहेत, म्हातारी माणसं फ्लॅटमध्ये जाताना सामान काढून टाकतात, असं सगळं त्याने सांगितलं. घड्याळ कसं बघायचं, समईचं पितळ कसं बघायचं. मी मध्येच विचारलं, आणि समजा कुणी जुनी बंदूक आणलीच, तर? तो सावध झाला, पण माहिती असलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं. समजा म्हणून त्याने सांगितलंच. लाकूड कुठलं आहे, दस्त्याला भेग आहे का, घोडा घट्ट आहे का, नळीवर गंज किती, कारागिराचा छाप आहे का.

त्याचं सांगून झालं. त्यात एक गोष्ट नव्हती.

मी हवालदाराला सांगून जप्त केलेली बंदूक आणवली आणि टेबलावर कापड उलगडलं. त्याला आतापर्यंत इतकंच माहीत होतं की एक बंदूक पकडली गेली आहे. फुटलेली नळी बघून त्याने चष्मा काढला, काच पुसली आणि परत लावला.

"किसको लगी?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. एक डोळा गेला, दोन बोटं गेली.

मी विचारलं, "लेते वक्त गज डाल के देखा था अंदर?"

ठासणीच्या बंदुकीची पहिली परीक्षा हीच असते. गज नळीत सोडायचा आणि तो कुठपर्यंत जातो ते बाहेरून मोजायचं. तळाला टेकला तर बंदूक रिकामी. अलीकडेच अडला तर आत भार आहे. जप्तीच्या वेळी आम्ही आधी ते करत असू आणि मग लेखणी उचलत असू.

त्याने उलट मलाच विचारलं, "साब, आज कौन सा वार है?"

"गुरुवार."

"जोड़ी थी साब. एक ही घर से दोनों उठाई थीं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "दूसरी कल दी है."

मी कागद पुढे ओढला. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. आरोपीने अधिकाऱ्याच्या हाताला हात लावावा, असं सहसा होत नाही. "लिखना बाद में," तो म्हणाला. "पहले उसको फोन करो."

पण फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. असे व्यवहार करणारे नंबर ठेवत नाहीत. घेणारा माणूस दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीला येतो, त्याची घाटाकडे पेरूची बाग आहे, आणि मंदिराबाहेर हार-दूर्वा विकणाऱ्या एका बाईच्या ओळखीने तो आला होता, एवढंच त्याला ठाऊक होतं. बंदूक त्याने आदल्या दिवशी तिथेच, पडद्याच्या दांड्यांबरोबर बांधून दिली होती.

त्याला जीपमध्ये घालून आम्ही खजरान्याला गेलो. हारवाल्या बाईंनी वर्दी बघितली आणि कुणालाच ओळखत नाही म्हणाल्या. साहजिक होतं. मी समजावून बघितलं, उपयोग झाला नाही. तेव्हा दुकानदार जीपमधून उतरून पुढे झाला. म्हणाला, "भाभी, बता दो. वो चलाएगा तो हाथ में फटेगी. गलती मेरी है, तुम्हारा नाम नहीं आएगा." शेवटचं आश्वासन देण्याचा त्याला अधिकार नव्हता, पण मी त्याला टोकलं नाही. बाईंनी गावाचं नाव सांगितलं आणि फोन नंबरही दिला. तो माणूस दर बुधवारी त्यांच्यासाठी पिशवीभर पेरू आणायचा, म्हणून ओळख.

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. घाटाजवळच्या चौकीला कळवलं, तर तिथला शिपाई दुसऱ्या गावी बंदोबस्ताला गेला होता. मग आम्हीच निघालो. नीलगायी आणि डुकरं बागेत शिरतात ती सूर्य कलल्यावर, आणि बंदूक घेणाऱ्याने ती त्यांच्यासाठीच घेतली होती. नुकसान करणाऱ्या जनावरांसाठी रीतसर परवानगी मागता येते, पण त्याला वेळ लागतो आणि लोकांना थांबायचं नसतं. वाटेत दुकानदार मागे दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. एकदाच त्याने विचारलं की नंबर परत लावून बघता का. लावून बघितला.

बाग सापडली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. कुंपणापाशी जीप थांबवून आम्ही पायी आत गेलो. एका झोपडीपुढे खाटेवर तो माणूस बसला होता. धोतर, वर शहरी जाकीट, धट्टाकट्टा. पूर्वी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा, असं नंतर कळलं. बंदूक मांडीवर आडवी होती. टोपी बसवलेली होती, ते मला लांबूनच दिसलं.

पोलीस बघून तो उठला आणि बंदूक पाठीमागे लपवायला गेला. त्या घाईत त्याचं बोट कुठे होतं, हे आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. मागून दुकानदाराचा आवाज आला, "भिया, घोड़े से हाथ हटा लो. बंदूक पहले से भरी हुई है."

तो जागच्या जागी थांबला. मी दोन्ही हात उघडे दाखवले आणि त्याला फक्त बंदूक जमिनीवर ठेवायला सांगितलं. अटकेचं, गुन्ह्याचं काही बोललो नाही. हातात भरलेलं हत्यार असलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी. त्याने बंदूक ठेवली. हवालदाराने हलक्या हाताने टोपी काढली.

आता त्याला राग आला. म्हणाला, भरलेली आहेच, मीच भरली आहे, दुपारीच भरली. किती? त्याने बोटं दाखवली, चार बोटं. मी गज मागवला आणि नळीच्या तोंडाला उभं न राहता बाजूने आत सोडला. अडला तेव्हा नळीच्या तोंडापाशी गजावर नखाने खूण धरली, तो बाहेर काढला आणि खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाजूला लावून दाखवला. गजाच्या टोकापासून नळीच्या मागच्या टोकापर्यंत सगळा भार होता. त्याने स्वतः वाकून आपली चार बोटं लावून बघितली. मग दुसऱ्या हाताची चार बोटं त्याखाली लावली. तरी थोडी जागा उरली.

तो खाटेवर बसला. थोड्या वेळाने उठला, विहिरीवरचा पंप बंद करून आला, झोपडीला कडी घातली आणि बरोबर काय काय घ्यावं लागेल, असं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस लाइनीतल्या शस्त्रागारात ती नळी पाण्यात भिजवून भार बाहेर काढला. वरचा भार ताजा होता. त्याच्या खाली जुन्या लुगड्याच्या चिंधीचा घट्ट बोळा होता, आणि त्याच्याखाली दारू वडीसारखी बसलेली. चिमूटभर उन्हात वाळवून काडी लावली, तर ती लगेच भपकन पेटली.

ज्या घरातून बंदुका आल्या, ते घर छत्रीबागेतलं. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, अत्यंत सरळ गृहस्थ. वडील संस्थानच्या जंगलखात्यात होते. ते गेल्यावर परवाना कुणी नवा केला नाही, आणि नंतर पोलीस विचारतील या भीतीने कुणी कळवलंही नाही. घर बिल्डरला दिलं तेव्हा सामानाबरोबर बंदुकाही काढून टाकल्या. मी विचारलं, भरलेल्या आहेत हे माहीत होतं का? ते म्हणाले, "कसं माहीत असणार? जन्मात कधी उडालेल्या ऐकल्या नाहीत. वडील एवढंच म्हणायचे, भिंतीवरच्या बंदुकीला हात लावायचा नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, मुलांना म्हणतात तसं म्हणताहेत."

त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं, रिकाम्या आहेत. दुकानदाराने तेच दोन्ही गिऱ्हाइकांना सांगितलं.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साध्या कपड्यांत साक्षीला गेलो. दोन्ही खरेदीदार, छत्रीबागेतले गृहस्थ आणि दुकानदार आरोपी होते. शिकारीचं प्रकरण वनखात्याने वेगळं चालवलं. जखमी एका डोळ्यावर काळी काच लावून आला होता. शेजारी त्याची बायको बसली होती.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कायद्यात ग्राह्य नसते. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग पुराव्यात येतो. म्हणजे दुसऱ्या बंदुकीचं दुकानदाराने जे सांगितलं, तेच नेमकं त्याच्याविरुद्ध उभं राहत होतं. त्याच्या वकिलाने शहाणपणाची दिशा घेतली होती. माझ्या अशिलाने काहीही सांगितलं नाही, पोलिसांनी बंदूक दुसरीकडूनच शोधली आणि त्याच्या नावावर टाकली, असं त्यांनी मला उलटतपासणीत सुचवलं. मी नाकारलं. पण माझ्या नाकारण्याला किती वजन मिळेल, ते सांगता येत नव्हतं. पंच म्हणून गेलेला एक जण उलटला होता.

पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा वाचून दाखवतात आणि त्याचं म्हणणं विचारतात. बहुतेक आरोपी प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढंच म्हणतात. दुकानदारानेही पहिल्या काही प्रश्नांना तसंच म्हटलं, वकिलाने पढवल्याप्रमाणे. मग तो प्रश्न आला. दुसऱ्या बंदुकीची माहिती तुम्ही दिली आणि त्यावरून ती सापडली, याबद्दल काय म्हणायचं आहे?

वकिलाने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"ये सही है साब," तो म्हणाला. "ये मैंने ही बताया था."

वकिलाने लेखणी खाली ठेवली. न्यायाधीशांनी त्याला परत विचारलं, समजून बोलताय ना? तो हो म्हणाला. त्याला शिक्षा झाली. कायद्याने जितकी कमीत कमी देता येत होती तितकी झाली, आणि का, ते निकालात लिहिलं होतं.

या प्रकरणावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आम्हा पोलिसांचं सगळं शिक्षण खोटं पकडण्याचं असतं. कोण लपवतंय, कोण बनवतंय, कोण डोळे चुकवतंय. या गुन्ह्यातही खोटं बोलणारे होते. मित्र फटाक्यांचं खोटं बोलला, दुकानदार घड्याळाचं खोटं बोलला. ते मी पकडलं. पण ज्या वाक्याने एकाचा डोळा घेतला आणि दुसऱ्याचा जीव घेतला असता, ते 'रिकामी आहे' हे वाक्य कुणीच खोटं म्हणून बोललं नव्हतं. छत्रीबागेतल्या गृहस्थांनी ते मनापासून म्हटलं, दुकानदाराने विश्वासाने पुढे दिलं, आणि नवऱ्याने हसत बायकोला सांगितलं. तीन भली माणसं एकच चुकीची गोष्ट एकमेकांना खरेपणाने सांगत गेली. अशा गोष्टीसाठी आमच्याकडे कुठलंही कलम नाही, आणि चौकशीची रीतही नाही.

आणि त्या दिवशी मला ज्या एका माहितीची गरज होती, ती विचारण्याइतकंही मला ठाऊक नव्हतं. दुसरी बंदूक आहे हे मला कोण सांगणार होतं? तो दुकानदार संध्याकाळपर्यंत "पीतल वाले हैं" म्हणत बसला असता, तर मी त्याला फार तर एका बंदुकीसाठी कोर्टात उभं केलं असतं. माझ्या नोकरीत मी कबुल्या पुष्कळ घेतल्या. काही सहज मिळाल्या, काहींसाठी आठवडे गेले. पण त्या सगळ्या मी घेतलेल्या होत्या. त्याची तेवढी एकच, त्याने दिलेली.